रात्री नऊची वाटी

गेल्या पावसाळ्यात साडेचार महिन्यांच्या एका मुलीला घेऊन तिची आई आणि आजी आल्या होत्या. रात्री दोन-तीनदा उठते, किंचाळून रडते, पाय पोटाशी घेते, आणि चार दिवस शी नाही. तपासणीच्या टेबलावर मी पोटावर हात ठेवला, तर डाव्या बाजूला कडक खडे हाताला लागले. अंगावर पिणाऱ्या बाळाचं पोट असं लागत नाही. म्हटलं, वरून काय देता? आई गप्प. आजींनी पिशवीतून बाटली काढली. निपलचं भोक चांगलं मोठं केलेलं, कडेचं रबर जळून काळं पडलेलं. "सुई तापवून केलं," आजी म्हणाल्या. "खीर अडकत होती ना." रोज रात्री नऊला नाचणीसत्त्वाची वाटीभर खीर आणि त्यात कुस्करलेलं एक बिस्किट, पंधरा दिवसांपासून. पोट गच्च भरलं की सकाळपर्यंत झोपेल, असा हिशेब.

"मग झोपते का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पहिले दोन दिवस झोपली."

ही रात्री नऊची वाटी माझ्या दवाखान्यात दर आठवड्याला येते. कधी तिच्यात नाचणी असते, कधी डब्यातलं तयार अन्न, कधी चहात बुडवलेला टोस्ट (हो, चहात). आई दमलेली, कामावर जाणारी, चार महिन्यांत सलग चार तास न झोपलेली असते. तिला मी काय रागावणार? राग येतो तो तिला हे सांगणाऱ्यांचा. म्हणून आज एवढंच समजून घ्या, की बाळ रात्री उठतं ते बहुतेक वेळा पोट रिकामं असतं म्हणून नव्हे. या वयाची झोपच तुटक असते. हलकी झोप येते, बाळ जागं होतं, आई जवळ आहे ना हे चाचपतं, दोन घोट पितं आणि पुन्हा झोपतं. पाच-सहा महिन्यांचं बाळ रात्री एक-दोनदा उठत असेल, दिवसा हसत-खेळत असेल आणि वजन वाढत असेल, तर ते आजारी नाही. आजारी पडायची वेळ तुमच्यावर आलेली असते, हे मला कळतं, पण त्यावरचा इलाज बाळाच्या पोटात नाही.

या समजुतीची परीक्षाही होऊन गेली आहे. १९८९ साली अमेरिकेत १०६ बाळांवर नेमका हाच प्रयोग झाला. झोपण्यापूर्वी बाटलीतून तांदळाची पेज काहींना पाचव्या आठवड्यापासून, काहींना चौथ्या महिन्यापासून. झोपेत म्हणावा असा फरक पडला नाही. मग २०१८ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या १३०० बाळांच्या अभ्यासात लवकर अन्न सुरू केलेल्यांची झोप वाढलेली दिसली, आणि व्हॉट्सअॅपवर ते फिरलंही. किती वाढली? जास्तीत जास्त फरक सहाव्या महिन्यात दिसला, रात्रीमागे साडेसोळा मिनिटं. ते अन्नही बाटलीतली खीर नव्हतं. साडेसोळा मिनिटांसाठी चार महिन्यांच्या पोटात बिस्किट घालायचं का, ते तुम्हीच ठरवा.

आता आपल्याकडचा एक घोळ, जो कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडायचा नाही. मी सांगते, "सहा महिने झाल्यावर सुरू करा." घरी जाईपर्यंत त्याचं होतं, "सहावा लागला की सुरू करा." सहावा लागला म्हणजे पाच पूर्ण झाले! त्यात मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करायची रीत, म्हणून पाचव्यातच उरकायचं, म्हणजे बाळ चार महिन्यांचं. उष्टावण जरूर करा, मामाच्या मांडीवर बसवा, सोन्याच्या अंगठीने खिरीचा थेंब ओठाला लावा. पण मुलीलाही सातवा महिना आहेच की, तोही विषमच. आणि थेंब लावला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून वाटी सुरू, असं नाही. १८० दिवस पूर्ण होऊ द्या. तोवर मान धरता यायला हवी, आधाराने बसता यायला हवं, आणि चमचा तोंडात गेल्यावर जिभेने बाहेर ढकलणं थांबायला हवं. तुमचा घास बघून त्याचं तोंड आपोआप उघडायला लागलं की समजा, तयारी झाली. तोपर्यंत पाणीसुद्धा नको, अगदी चंद्रपूरच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. पाणी आईने प्यावं.

पोटाच्या तक्रारी म्हणून येतात त्यातल्या निम्म्या तक्रारीच नसतात. अंगावर पिणारं बाळ दिवसातून आठदा शी करेल, नाहीतर दीड महिन्यानंतर आठ-आठ दिवस करणार नाही. झाली की मऊ पिवळी होत असेल आणि पोट मऊ असेल, तर त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. लाल होऊन दहा मिनिटं कुंथतं आणि मग शी मऊच होते? त्याला अजून एकाच वेळी जोर लावणं आणि खालचा स्नायू सैल सोडणं जमलेलं नाही, इतकंच. शिकेल. साबणाची कांडी नको, विड्याच्या पानाचा देठ नको. प्यायल्यावर तोंडातून दही सांडतं, तेही चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असतं, आणि वर्ष-दीड वर्षात बहुतेकांचं थांबतं. असं ओकणाऱ्या बाळाला रात्री गच्च भरून आडवं केलं तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? संध्याकाळी ठरल्या वेळी सुरू होणारं रडं दीड महिन्याला टोक गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक ओसरतं. गंमत अशी, की नेमकं त्याच सुमाराला घरात काहीतरी सुरू केलेलं असतं, आणि श्रेय त्या बाटलीला जातं.

त्या बाटल्यांबद्दल बोलायलाच हवं. ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडमध्ये निघालं, तेव्हा त्यात चक्क दारू होती. बाळं शांत व्हायची यात नवल ते काय? आता दारू गेली, साखर राहिली, पोटदुखीवर उपयोग सिद्ध झालेला नाही. गुटीचं म्हणाल, तर माझ्याही आजीच्या सहाणेवर मी वाढले, त्यामुळे हात आखडून लिहिते. पण सहाणेवरचे वेढे मोजणारा हात आता घरात राहिलेला नाही. बाळ झोपत नाही म्हणून जायफळाचे दोनाचे सहा वेढे होतात आणि येते ती झोप नसते, गुंगी असते. ज्या सहाणेवर उगाळतात ती उकळलेली नसते, हे वेगळंच. मध तर वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नको. मधातल्या जंतूंची बीजं बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. त्या आजाराचं पहिलं लक्षण बहुधा बद्धकोष्ठ असतं, आणि त्यावर उपाय म्हणून घरातले पुन्हा मधच चाटवतात.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या विळ्याने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ती बातमी वाचून शहरातले वाचक हळहळतात. त्याच शहरात बाळ रात्री झोपावं म्हणून सर्दीचं सिरप पाजणारे सुशिक्षित आईबाप मी पाहिले आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका नेहमीच्या जोडऔषधावर चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असा इशारा छापायला लावला. बाटलीवर तो आहे. वाचतं कोण? केमिस्ट विचारत नाही, तुम्ही सांगत नाही.

आता नाण्याची उलटी बाजू, कारण हा लेख वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातील. "याचं पोट नाजूक आहे" हा शिक्का एकदा बसला, की दहा महिन्यांच्या बाळालाही वरणाचं पाणी, भाताची पेज आणि भाजीचं सूप एवढंच चालू राहतं. वरणाचं पाणी म्हणजे वरणाचं अंघोळीचं पाणी. डाळ तळाशी राहते, ती बाबा जेवतात. असा एक गोरामोरा मुलगा आला होता, सारखा किरकिरा, रात्रभर कूस बदलणारा. पापणी खाली ओढून पाहिली तर पांढरीफटक. रक्त तपासलं, लोह तळाला गेलेलं. जन्मताना आईकडून आणलेलं लोह सहा महिन्यांपर्यंत पुरतं, पुढे ते ताटातूनच यावं लागतं. लोह कमी असलेली मुलं चिडचिडी होतात, धड झोपत नाहीत. म्हणजे अन्न आणि झोप यांचं नातं आहे, पण ते रात्री नऊच्या वाटीशी नाही, दिवसभराच्या ताटाशी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशभरात निघाली ११.३ टक्के. बाकीच्या सगळ्यांच्या घरी काही अन्नाचा दुष्काळ नव्हता. आशाताई लोहाचं सिरप देतात, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते घ्या. शी काळी होते म्हणून मोरीत ओतू नका. काळी होणारच.

तर सुरुवात कशी करायची? सकाळी दहा-अकराला, बाळ ताजंतवानं असताना. नवं अन्न रात्री देऊच नका, पुरळ उठली, उलटी झाली तर दिवसाउजेडी दिसायला हवी. पहिले दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. एक पदार्थ तीन दिवस, मग दुसरा. मुगाचं घट्ट वरण आणि मऊ भात कुस्करून, वर साजूक तूप. नाचणी, लाल भोपळा, रताळं, पपई, पिकलेलं केळं. खात असाल तर अंडं, पिवळं-पांढरं दोन्ही, पूर्ण उकडलेलं. शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट खिचडीत मिसळून द्यायलाही वर्षाची वाट बघायची गरज नाही. दाणा मात्र हातात देऊ नका, तो श्वासनलिकेत जातो. अंगावर इसब आणि खाज फार असेल तर अंडं-दाणे देण्याआधी मला विचारा. मीठ-साखर वर्षभर नको. गाईचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर. मिक्सर नको, हाताने कुस्करा. घट्टपणा ओळखायची साधी खूण म्हणजे चमचा तिरका करा. अन्न पाण्यासारखं ओघळलं तर ते पेय झालं. चमच्याला धरून राहिलं तर जेवण.

अन्न सुरू झाल्यावर शी घट्ट होते, वास येतो, गाजराचे तुकडे जसेच्या तसे निघतात. घाबरू नका. खडे पडायला लागले तर केळं-सफरचंद थोडं मागे ठेवा, पपई आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट पुढे आणा. आणि झोपेसाठी काही करायचंच असेल तर बाबांची वाट बघत बाळाला साडेदहापर्यंत जागवू नका. बाबांनी सकाळी खेळावं. साडेसातला दिवा मंद, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, रोज तेच अंगाईगीत.

पण काही रडणी थांबून बघायची नसतात. आठ महिन्यांचा एक मुलगा दर पंधरा-वीस मिनिटांनी अचानक किंचाळे, पाय आखडे, पांढरा पडे, आणि मधल्या वेळात मलूल पडून राही. घरच्यांना वाटलं, नवं अन्न बाधलं. गुटी झाली, हिंगाचा लेप झाला, दृष्ट काढून झाली. कोकमाच्या आगळासारखी लाल, शेंबडी शी झाली तेव्हा आणला, अठरा तासांनी. आतड्यात आतडं शिरलं होतं. सोनोग्राफी करून, खालून सलाईनच्या दाबाने ते सुटलं, शस्त्रक्रिया टळली. आणखी सहा तास गेले असते तर टळली असती की नाही, सांगता येत नाही. तेव्हा असं थांबून थांबून येणारं रडं, हिरवी उलटी, शीतून रक्त, फुगून टणक झालेलं पोट, सहा-आठ तास लघवी नाही, उठवूनही नीट न उठणं, चोखण्यात जोर नसणं, किंवा तीन महिन्यांच्या आत कसलाही ताप, यातलं एकही दिसलं तर रात्री दोन वाजताही निघा. पहिल्या दीड महिन्यात दर पाजण्यानंतर पिचकारीसारखी लांब उडणारी उलटीसुद्धा त्यातच धरा. वजन दोन महिने जागच्या जागी असेल किंवा बाळ झोपेत घोरत मध्येच श्वास अडकवत असेल, तर दुसऱ्या दिवशी या, पण याच. शीत रक्ताची रेघ दिसली म्हणून आईने मनानेच दूधदुभतं, डाळी, सगळं सोडून उपाशी बसू नये. कारण कडक शीने पडलेली चीर आहे की दुधाची अ‍ॅलर्जी, हे आधी ठरू द्या.

त्या साडेचार महिन्यांच्या मुलीची वाटी आम्ही बंद केली. पाचव्या दिवशी आईचा फोन आला. शी झाली, किंचाळणं थांबलं. "पण उठते अजून दोनदा." मी म्हटलं, उठू दे. सात महिने पूर्ण झाल्यावर फ्लूच्या लसीचा दुसरा डोस घ्यायला तिघी पुन्हा आल्या. लस टोचून झाली, रडं आवरलं, तशी आजींनी पिशवीतून डबा काढला. मला वाटलं, पुन्हा बाटली. डब्यात मऊ वरणभात होता. त्यांनी चमचाभर उचलला, माझ्या टेबलावर तिरका धरला, आणि भात पडतो का ते माझ्याकडे न बघता बघत राहिल्या.