सफर महिना आणि लग्नाची तारीख

मुलीचे लग्न ठरते, दोन्ही घरची तयारी होते, आणि कोणी वडीलधारी स्त्री हळूच म्हणते, “सफर चालू आहे, महिनाभर थांबा.” वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ते आले कोठून?

इस्लामपूर्व अरबस्तानात जिलकाद, जिलहिज्ज व मुहर्रम या सलग तीन महिन्यांत लढाई निषिद्ध असे. ते सरताच टोळ्या लुटीसाठी व सूडासाठी बाहेर पडत आणि वस्त्या रिकाम्या होत. ‘सफर’ या नावाचा संबंध काही भाषापंडित याच रिकामेपणाशी जोडतात. घरचा पुरुष परत येईल की त्याच्या मृत्यूची वार्ता येईल, या चिंतेत दिवस काढणाऱ्या स्त्रियांना तो महिना अशुभ वाटला असेल तर नवल नाही. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहणे जसे निराधार ठरविले, तसेच सफरच्या अशुभतेलाही काही आधार नाही असे स्पष्ट सांगितले. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

तरीही दख्खनमध्ये सफरचे पहिले तेरा दिवस ‘तेरा तेजी’ म्हणून जड मानले गेले. 1832 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कानून-ए-इस्लाम’ या दक्षिणेतील मुस्लिम चालीरीतींवरील ग्रंथातही तिचे वर्णन आहे. या दिवसांत प्रेषित (स.) आजारी होते, असे कारण सांगतात. पण चरित्रग्रंथांनुसार त्यांचे अखेरचे आजारपण हिजरी सन 11 मध्ये, सफरच्या शेवटी शेवटी सुरू झाले. म्हणजे तेरा दिवसांचा हिशेब जुळतच नाही. आणि त्याच महिन्याचा शेवटचा बुधवार मात्र प्रकृतीला उतार पडल्याचा दिवस म्हणून गोडधोड करून साजरा होतो! आजार जेथे आरंभला, त्याच सुमारास आनंद.

आता दुसरा महिना पाहा. शव्वालमध्ये लग्न केले तर संसार सुखाचा होत नाही, असे जुने अरब मानीत. शव्वाल या नावाचे मूळ सांडणी शेपटी वर करून नराला दूर ठेवते त्या कृतीत आहे असे सांगतात, आणि त्यावरून वधूही पतीला दुरावेल ही भीती. नावावरून नशीब ठरविण्याचा हा प्रकार! ही समजूत आज आपल्यात नावालाही उरलेली नाही. रमजान ईद झाली की लग्नांची घाई सुरू होते आणि त्या महिन्याला कोणी नाव ठेवीत नाही.

ही समजूत मोडण्यात एका स्त्रीचा मोठा वाटा आहे. हजरत आयशा (रजि.) सांगत की, त्यांचा निकाह शव्वालमध्ये झाला, त्या पतिगृही गेल्या त्याही शव्वालमध्येच; मग प्रेषितांच्या (स.) घरी त्यांच्याहून अधिक प्रेम कोणाच्या वाट्याला आले? आपल्या नात्यातील मुलींची पाठवणी शव्वालमध्येच व्हावी, हे त्यांना विशेष आवडत असे.