मशीन आणण्याआधी उशी बघा

“डॉक्टर, डिस्चार्ज तर मिळाला, आता रात्रीसाठी घरी मशीन आणू का?” अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनियातून उठलेल्या आजी-आजोबांचे नातेवाईक हे हमखास विचारतात. माझा उलट प्रश्न असतो: कोणतं मशीन, आणि कशासाठी?

हा न्यूमोनिया अन्न, लाळ किंवा पोटातलं आंबट पाणी श्वासनलिकेत उतरल्यामुळे होतो. पक्षाघात, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश असलेल्यांचं गिळणं मंदावतं. झोपेत तर साधा ठसकाही न लागता लाळ आत जाते. ती कोणतंच मशीन अडवत नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर फक्त ऑक्सिजन पुरवतो. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, म्हणजे सॅच्युरेशन, साधारण 92 ते 96 टक्के असावं. सीओपीडीच्या (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाला बहुधा 88 ते 92 पुरतं. अशा रुग्णाचा ऑक्सिजन मनाने वाढवला, तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते.

बायपॅपचं वेगळं. तो मास्कमधून दाबाने हवा देतो. थोडी हवा पोटात जाते, पोट फुगतं, कधी उलटी होते. मास्क घट्ट बसलेला असताना उलटी झाली तर ती फुफ्फुसात जायचा धोका मोठा. म्हणून जे गुंगीत आहेत, ज्यांना कफ काढता येत नाही किंवा मास्क स्वतःच्या हाताने ओढून काढता येत नाही, त्यांना घरी बायपॅप लावू नका. आधीपासून वापरत असाल, तर पुन्हा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

खरं काम झोपण्याआधीचं. नुसत्या डोक्याखाली उशा रचल्या की मान दुमडते आणि माणूस खाली घसरतो. कमरेपासून वरचं अंग 30 ते 45 अंश उंच हवं, गुडघ्यांखाली एक उशी. जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. मग दात घासा, कवळी काढा, टॉर्च लावून गालाच्या आत बघा. भाताची शितं तिथेच अडकलेली सापडतात. नाकात तेल-तूप सोडू नका. झोपेची गोळी विचारल्याशिवाय नको.

म्हातारपणी न्यूमोनियात ताप येतोच असं नाही. श्वास मिनिटाला 25च्या वर गेले, सॅच्युरेशन ठरवून दिलेल्या आकड्याखाली राहिलं, ओठ निळसर झाले किंवा पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. निघताना “घोटभर पाणी” पाजू नका.