रक्तात कृमी, तरी पाय धडधाकट कसा?

रात्री आरोग्य कर्मचारी येतात, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन जातात. काही दिवसांनी निरोप येतो, 'तुमच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू आहेत, गोळ्या घ्या.' पाय सुजलेला नाही, अंगात ताप नाही. गृहस्थ ते हसण्यावारी नेतो. विदर्भातल्या गावांना हा प्रसंग नवा नाही.

हत्तीरोगाचा कृमी दोऱ्यासारखा असतो. क्युलेक्स डास चावला की त्याची अळी शरीरात शिरते. ऊतींत पाझरलेले पाणी परत नेणाऱ्या लसिकावाहिन्यांत ती वाढते आणि तिथेच काही वर्षे मुक्काम ठोकते. मादी लाखो पिल्ले सोडते. ती रक्तात रात्री वर येतात, म्हणून तपासणीही रात्रीच.

एवढे परके जीव अंगात असताना आपल्या टी पेशी गप्प का बसतात? या पेशी दाह पेटवून शत्रूशी लढतात. पण त्या आगीत घरही होरपळते. वर्षानुवर्षे राहणाऱ्या कृमीवर ती सतत धगधगत ठेवली, तर लसिकावाहिन्यांचेच वाटोळे व्हायचे. म्हणून शरीराने लगामही ठेवला आहे. नियामक टी पेशी इंटरल्युकिन-१० सारखी द्रव्ये सोडून भाईबंदांना आवरतात. या पेशी जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. २०२५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. कृमीही लबाड, तो आपल्या स्रावांनी हा लगाम आणखी खेचायला लावतो.

गंमत पाहा. ज्याच्या रक्तात पिल्ले बुजबुजतात, त्याच्यात हा लगाम घट्ट आढळतो. ज्याचा पाय हत्तीसारखा झाला, त्याच्या रक्तात मात्र बहुधा एकही पिल्लू सापडत नाही. त्याच्या टी पेशी मोकाट असतात. वाहिन्या निकामी होऊन पाणी साचते, कातडीच्या भेगांतून जिवाणू शिरतात आणि पुन्हा पुन्हा ताप येतो.

म्हणजे आपला हसणारा गृहस्थ निरोगी नव्हे. त्याच्या वाहिन्या आतून फुगलेल्या असू शकतात आणि त्याला चावलेला डास शेजाऱ्याच्या घरी जातोच.

गोळ्यांनंतर ताप, डोकेदुखी झाली की लोक औषधालाच दोष देतात. खरे तर पिल्ले एकदम मरतात, त्यांचे अवशेष रक्तात मिसळतात आणि आवरलेला दाह उसळतो. ज्याच्या अंगात पिल्ले जास्त, त्याला त्रास जास्त. एक-दोन दिवसांत तो बहुधा ओसरतो. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे यांना गोळ्या देत नाहीत. बाकीच्यांनी जेवून, कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात. खिशात ठेवलेली गोळी सहसा खिशातच राहते.