विमानतळावरील जलद तपासणी : नोंदणी नेमकी कोणत्या रांगेसाठी?

विमानप्रवासात प्रत्यक्ष उड्डाणाला लागणारा वेळ वेळापत्रकात छापलेला असतो. विमानतळावर जाणारा वेळ मात्र कोणालाही निश्चित सांगता येत नाही. मुंबईहून दिल्लीला विमान दोन-सव्वादोन तासांत पोहोचते, पण प्रवासी त्यासाठी जवळजवळ तेवढाच वेळ विमानतळावरील रांगांसाठी राखून ठेवतो. ही अनिश्चितता कमी करण्यासाठी गेल्या दीड-दोन दशकांत अनेक देशांनी प्रवाशांच्या आगाऊ नोंदणीच्या योजना सुरू केल्या. स्वतःविषयीची माहिती आधी द्यावी आणि त्या बदल्यात विमानतळावरून लवकर सुटका व्हावी, असा हा व्यवहार आहे. अमेरिकेतील ‘टीएसए प्रीचेक’ व ‘ग्लोबल एन्ट्री’, तसेच भारतातील ‘डिजियात्रा’ आणि ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. परीक्षार्थींच्या टिपणवहीत ही चारही नावे बहुधा एकाच ओळीत लिहिलेली आढळतात आणि गोंधळाची सुरुवात तेथूनच होते. अशी नोंदणी करणे लाभदायक आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ती कोणती रांग कमी करते यावर अवलंबून असते.

तीन रांगा, तीन यंत्रणा

विमानतळावर प्रवाशाची तपासणी तीन वेगवेगळ्या हेतूंनी होते. तिकीटधारक व्यक्ती तीच आहे किंवा नाही, हे पाहणारी पहिली तपासणी ओळखीची. तिच्याजवळ घातक वस्तू नाही ना, याची खात्री करणारी दुसरी तपासणी सुरक्षेची. देशाबाहेर जाण्याचा वा देशात येण्याचा तिला अधिकार आहे किंवा नाही, हे ठरविणारी तिसरी तपासणी इमिग्रेशनची. ती केवळ आंतरराष्ट्रीय प्रवाशांना लागू होते.

भारतात विमानतळ सुरक्षेचे निकष नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरो (बीसीएएस) ठरवितो. १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील एक कक्ष म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेला, जून १९८५ मधील कनिष्क विमानाच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. प्रत्यक्ष तपासणीचे काम प्रामुख्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल (सीआयएसएफ) करते. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या आयसी-८१४ विमानाचे अपहरण झाले आणि त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून या दलाकडे विमानतळांची जबाबदारी सोपविण्यास प्रारंभ झाला. इमिग्रेशनचे काम गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील ब्युरो ऑफ इमिग्रेशनकडे आहे. तात्पर्य, एका यंत्रणेकडे केलेली नोंदणी दुसऱ्या यंत्रणेच्या रांगेत उपयोगी पडेलच असे नाही.

अमेरिकेचा अनुभव

सुरक्षा तपासणीच सौम्य करणारी योजना म्हणून टीएसए प्रीचेकचा अभ्यास सर्वप्रथम करावा लागतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या कायद्याने अमेरिकेत वाहतूक सुरक्षा प्रशासन, म्हणजेच टीएसए, अस्तित्वात आले. पुढे प्रत्येक नव्या कटाबरोबर तपासणीचा एकेक नियम वाढत गेला. डिसेंबर २००१ मध्ये एका प्रवाशाने बुटात स्फोटके दडवून आणली, म्हणून कालांतराने सर्वांचे बूट उतरविले जाऊ लागले. ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि हातातील सामानातील द्रव पदार्थांवर मर्यादा आली. कोट्यवधी निरुपद्रवी प्रवाशांवर सारखाच वेळ खर्च करण्याऐवजी ज्यांची पार्श्वभूमी ज्ञात आहे त्यांना बाजूला काढावे व मनुष्यबळ उर्वरितांवर केंद्रित करावे, या जोखीमाधारित विचारातून ऑक्टोबर २०११ मध्ये प्रीचेकचा प्रयोग सुरू झाला. डिसेंबर २०१३ पासून नागरिकांना त्यासाठी थेट अर्ज करता येऊ लागला आणि २०२४ मध्ये सदस्यसंख्या दोन कोटींच्या पुढे गेली.

अर्जदाराच्या बोटांचे ठसे घेतले जातात व गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासली जाते. मान्यता मिळाल्यास पाच वर्षांसाठी एक क्रमांक मिळतो. तो तिकीट काढताना नोंदवावा लागतो. अन्यथा सदस्यत्व असूनही प्रवासी सामान्य रांगेतच उभा राहतो. या मार्गिकेत पट्टा व हलके जाकीट उतरवावे लागत नाही, लॅपटॉप आणि द्रव पदार्थ पिशवीबाहेर काढावे लागत नाहीत. सदस्याला प्रत्येक वेळी ही सवलत मिळेलच अशी हमी मात्र नाही. काही प्रवाशांना यदृच्छेने पूर्ण तपासणीसाठी निवडले जाते आणि यामागे सबळ कारण आहे. कोणाची तपासणी सौम्य होणार हे हल्लेखोराला आधीच समजले, तर तो नेमका त्याच व्यक्तीचा उपयोग करील. निवडीची पद्धत ठरावीक असेल, तर वारंवार प्रवास करून ती पारखता येते, अशी मांडणी एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी २००२ मध्येच केली होती. निष्कलंक पूर्वेतिहास म्हणजे निर्धोक भविष्य नव्हे, ही या योजनेची मूळ मर्यादा आहे. रांगा आटोक्यात ठेवण्यासाठी नोंदणी नसलेल्या प्रवाशांनाही काही काळ या मार्गिकेत पाठविले जाई. तसे करणे म्हणजे योजनेच्या तत्त्वालाच हरताळ फासणे होते. टीकेनंतर २०१५ मध्ये ही पद्धत आवरती घेण्यात आली.

खर्चाचा हिशेब

प्रीचेकचे प्रारंभिक शुल्क, नोंदणी करणाऱ्या संस्थेनुसार, सुमारे ७७ ते ८५ डॉलर आहे. म्हणजे वर्षाला पंधरा ते सतरा डॉलर. महिन्यातून एकदा विमानाने जाणाऱ्या अमेरिकी नागरिकाला दर फेरीत वीस मिनिटे वाचली, तर वर्षाकाठी चार तासांची बचत होते आणि सौदा स्वस्तच ठरतो. वर्षातून एकदाच प्रवास करणाऱ्याला मात्र तेवढ्याच रकमेत वीस मिनिटे मिळतात. अर्ज भरणे व ठसे देण्यासाठी केंद्रावर जाणे यातच ती खर्ची पडतात.

या हिशेबात बहुधा सुटणारा घटक म्हणजे सामान्य रांगेची स्थिती. सवलतीचे मोल ती नसलेल्यांच्या गैरसोयीवर ठरत असते. जुलै २०२५ मध्ये टीएसएने सर्वच प्रवाशांसाठी बूट उतरविण्याची सक्ती मागे घेतली आणि प्रीचेकचा एक ठळक लाभ एका दिवसात सार्वत्रिक झाला. ज्या विमानतळांवर सामान्य मार्गिकांतही सीटी तंत्राची नवी यंत्रे बसली आहेत, तेथे लॅपटॉप बाहेर काढण्याची गरजही कमी होत आहे.

प्रीचेकसाठी थेट अर्ज अमेरिकेचे नागरिक व कायम निवासी यांनाच करता येतो. शिक्षण वा नोकरीसाठी तेथे असलेल्या भारतीय नागरिकांना, आणि त्यात पुण्या-मुंबईकडील अनेकजण येतात, ग्लोबल एन्ट्रीचा मार्ग मोकळा आहे. जुलै २०१७ पासून भारतीय नागरिक या योजनेस पात्र आहेत. तिचे शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर झाले असून त्यात प्रीचेकची सुविधा अंतर्भूत आहे. मात्र मुलाखत द्यावी लागते व भारतीय यंत्रणांकडूनही पडताळणी होते.

भारतातील चित्र

डिसेंबर २०२२ हा महिना या विषयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावा. १ डिसेंबर रोजी दिल्ली, बेंगळुरू व वाराणसी येथे डिजियात्रा सुरू झाली. त्याच महिन्यात दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवरील प्रचंड गर्दी देशभर चर्चेचा विषय ठरली. त्यावर केलेले उपाय पाहिले असता असे दिसते की, क्ष-किरण यंत्रे वाढविण्यात आली, सुरक्षा दलाचे अतिरिक्त जवान नेमण्यात आले आणि गर्दीच्या वेळेतील उड्डाणांच्या नियोजनाकडे लक्ष देण्यात आले. कोंडी सुरक्षा तपासणीपाशी होती आणि डिजियात्रा त्या तपासणीला हात लावत नाही.

डिजियात्रेत प्रवासी आधारच्या साहाय्याने ॲपवर ओळख नोंदवितो, बोर्डिंग पास जोडतो आणि टर्मिनलच्या प्रवेशद्वारी चेहरा हीच त्याची ओळख ठरते. त्यानंतरची सामानाची तपासणी व जवानाकडून होणारी अंगझडती सर्वांसारखीच राहते. अनेक देशांत टर्मिनलच्या दारात तिकीट दाखवावे लागत नाही. भारतात ते लागते. म्हणजे इतरत्र नसलेली एक रांग भारतात आहे आणि डिजियात्रा मुख्यत्वे ती हलकी करते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. सुरक्षा तपासणीतून भारतात सूट आहे ती राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, राज्यपाल अशा विहित पदांना. अर्ज करून ती मिळविण्याची सोय सामान्य नागरिकाला नाही, आणि समतेच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही.

डिजियात्रेला शुल्क नाही, पण किंमत आहे. डिजियात्रा फाउंडेशन ही ना-नफा कंपनी असून तिच्यात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा २६ टक्के हिस्सा आहे. उर्वरित हिस्सा प्रमुख विमानतळ कंपन्यांचा. माहिती प्रवाशाच्या फोनमध्येच राहते आणि विमानतळाकडे पाठविलेली माहिती उड्डाणानंतर २४ तासांत पुसली जाते, असे अधिकृत धोरण आहे. तरीही २०२४ च्या सुरुवातीस, प्रवेशद्वारी पुरेशी कल्पना न देताच प्रवाशांच्या चेहऱ्याची नोंद घेतली जात असल्याच्या तक्रारी झाल्या. योजना ऐच्छिक असल्याचे शासनाने वारंवार स्पष्ट केले आहे. परंतु घाईत असलेल्या प्रवाशाने दारात उभे राहून दिलेला होकार स्वेच्छेचा कितपत मानावा, हा प्रश्न उरतोच. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला, तर त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. चेहऱ्याची मोहीम आधी आणि संरक्षणाची चौकट मागून, असा हा क्रम राहिला. पासवर्ड फुटल्यास बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. म्हणून ओळखपत्र दाखवून जाण्याचा मार्ग तितकाच सुलभ राहणे अगत्याचे आहे.

याउलट, आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठीच्या फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचा हिशेब बराच सरळ आहे. २२ जून २०२४ रोजी दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते ही योजना सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची व अहमदाबाद येथे, तर सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी पाच विमानतळांवर तिचा विस्तार झाला. भारतीय नागरिक व ओसीआय कार्डधारक यांना ती विनाशुल्क उपलब्ध असून नोंदणीची मुदत पाच वर्षे किंवा पारपत्राची मुदत, यांपैकी जी आधी संपेल तेवढी असते. येथे बोटांचे ठसे व चेहरा मागितला जातो तो ज्या शासनाने पारपत्र वा ओसीआय कार्ड दिले त्याच शासनाकडून. शिवाय प्रवाशाची वास्तविक अडचण असलेली रांगच कमी होते. आखाती देशांत कामानिमित्त ये-जा करणाऱ्यांनी किंवा परदेशी असलेल्या मुलांकडे वरचेवर जाणाऱ्या पालकांनी अशी नोंदणी करणे निश्चितच हिताचे आहे. स्वयंचलित दारातून सुमारे तीस सेकंदांत इमिग्रेशन पूर्ण होऊ शकते, असे शासनाचे म्हणणे आहे. परदेशी निघालेल्या प्रवाशाला त्यानंतर सुरक्षा तपासणीची रांग लागते आणि तेथे नोंदणी केलेला व न केलेला प्रवासी एकामागे एकच उभे असतात.