टिटवीचा पहारा

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील दोन शेजारी तालुके होत. त्यांच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या उंच रांगा आहेत. पूर्वेकडे जावे तसतसे डोंगर ठेंगणे होत जातात आणि शेते, पडीक राने व उघडी माळराने लागतात. कुकडी, मीना व घोड या नद्या याच प्रदेशातून वाहतात. येथील टिटवी, तित्तिर, चंडोल, रातवा असे कितीतरी पक्षी जमिनीवरच आपला संसार थाटतात.

झाडावरील घरट्याला निदान उंचीचा आधार असतो. जमिनीवरील घरट्याला तोही नसतो. मुंगूस, खोकड, साप, कुत्रा यांना तेथे पोहोचण्यास कसलीच आडकाठी नाही. वरून कावळ्यांची व घारींची नजर असतेच. टिटवीला तीक्ष्ण नखे नाहीत की बाकदार चोच नाही. मग तिची पिले वाढतात तरी कशी?

तिचे पहिले शस्त्र म्हणजे लपवणूक. टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीतील एक उथळ खळगा. त्याच्या कडेने थोडे खडे मांडलेले असतात, एवढेच. त्यात बहुधा चार अंडी असतात. मातकट रंगावर काळपट ठिपके असल्यामुळे ती खड्यांत अशी मिसळून जातात, की दोन हातांवर उभे राहूनही ती दिसत नाहीत. रातवा तर घरट्यासाठी काडीही गोळा करीत नाही. पाचोळ्यावर अंडी घालून तो त्यांवर डोळे किलकिले करून निश्चल बसतो. जणू तोही एक वाळलेले पानच!

दुसरे शस्त्र सावधपणा. शत्रू दूर असतानाच टिटवी अंड्यांवरून हळूच उठते, मान खाली घालून काही अंतर धावते आणि मगच उडते. त्यामुळे ती कोठून उठली, हे शत्रूला कळत नाही. तो तरीही जवळ आला, तर नर व मादी दोघेही ‘टिटिव टिटिव’ असा आकांत करीत त्याच्या डोक्यावर झेपा घेतात. चरणारी गुरे आली, तर मात्र टिटवी घरट्यापाशीच उभी राहते आणि पंख पसरून त्यांना बाजूला वळवते. गाय अंडी खाणार नाही, पण तिचा खूर अंड्यांवर पडेल, हा भेद जणू तिला ठाऊक असतो!

तिसरे शस्त्र युक्ती. उन्हाळ्यात नदीचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत व गोट्यांत कंठेरी चिखल्या नावाचा लहानसा पक्षी अंडी घालतो. शत्रू दिसताच तो पंख मोडल्याचे सोंग करून जमिनीवरून फरफटत जातो. आयती शिकार मिळाली, असे समजून शत्रू त्याच्यामागे लागतो. घरटे दूर राहिले, की जखमी पक्षी एकाएकी धडधाकट होऊन उडून जातो!

शत्रूंइतकेच उन्हाचेही भय असते. ऐन उन्हात टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. सुमारे चार आठवड्यांनी पिले बाहेर पडतात व थोड्याच वेळात चालू लागतात. आईबापांची इशारत ऐकताच ती जेथे असतील तेथे जमिनीला चिकटून बसतात आणि धोका टळेपर्यंत हालत नाहीत. त्या इवल्याशा जिवांची शिस्त खरोखर नवल वाटण्याजोगी आहे.

परंतु या सर्व युक्त्या नांगरापुढे, दगडखाणीपुढे व मोकाट कुत्र्यांच्या टोळीपुढे दुबळ्या ठरतात. तेथे माणसाच्या विवेकाचेच साहाय्य हवे. नांगर थोडा वळवून चार हात जागा सोडणारा शेतकरी एका कुटुंबाचा त्राता ठरतो. वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार आहे. पण माळावर पहारा करण्यास कायदा येत नाही, तेथे टिटवीच असते.

टिटवीचे ओरडणे काही लोक अपशकुन मानतात. मुलांनो, माळावरून जाताना टिटवी तुमच्या डोक्यावर ओरडू लागली, तर भिऊ नका. तेथेच थांबा, पायांखाली पाहा आणि आल्या वाटेने मागे फिरा. तुम्ही घुटमळत राहाल, तोवर तिची अंडी उन्हात तापत असतील आणि एखादा कावळा ती जागा हेरीत असेल. ती हाक कोणाच्या मरणाची सूचना नव्हे. जन्माला येऊ घातलेल्या जिवांसाठी आईबापांनी केलेली ती विनवणी आहे.

स्वाध्याय
१. टिटवीची अंडी सहज का दिसत नाहीत?
२. कुत्रा व गाय जवळ आल्यावर टिटवीच्या वागण्यात कोणता फरक पडतो? त्याचे कारण सांगा.
३. ‘तेथे माणसाच्या विवेकाचेच साहाय्य हवे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.