टाके निघाले म्हणजे आसनं सुरू नव्हेत

शस्त्रक्रियेनंतर योग करावा का, असं विचाराल तर मी ‘जरूर करावा’ म्हणेन. पण घरोघरी चालतो तो नव्हे. टाके निघाले की लोक लगेच टीव्हीसमोर कपालभातीला बसतात. तिच्यात दर झटक्याला पोट आत खेचलं जातं. पोटावरची चीर वरून बुजली तरी आतले थर बळकट व्हायला कित्येक आठवडे लागतात. तेवढ्यात जोर पडला तर तिथे हर्निया होऊ शकतो. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं. ते सांधायला दोन-तीन महिने जातात, तोवर हातांवर भार देणारी आसनं वर्ज्यच. वरची कातडी सांधली म्हणून आतलंही सांधलं, असं धरून चालणं हीच खरी चूक.

चेन्नईची योगपरंपरा इथे उपयोगी पडते. योगगुरू टी. कृष्णमाचार्य आणि त्यांचे पुत्र देशिकाचार यांचा आग्रह होता, की आसन माणसाच्या मापाने बेतावं. देशिकाचारांनी 1976 साली तिथे कृष्णमाचार्य योग मंदिरम् काढलं, आणि एकेकाला वेगळं शिकवणं ही त्याची ओळख झाली. उताणं पडून, गुडघे वाकवून, श्वास घेताना हात दुखणार नाही इतकाच वर न्यायचा, सोडताना सावकाश खाली: सुरुवातीला एवढंही पुष्कळ असतं. आपल्या पुण्यातले अय्यंगार याच कृष्णमाचार्यांचे शिष्य आणि मेहुणे. त्यांनी खुर्ची, पट्टा, ठोकळे यांचा आधार दिला. वाट निराळी, पण शरीराला जबरदस्तीने वाकवायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

‘हे सगळं श्रद्धेचं, पुरावा कुठे?’ असं कुणी म्हणेल. बेंगळुरूला स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांवर अभ्यास झाला. श्वसन आणि शिथिलीकरण करणाऱ्यांचा रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, टाकेही लवकर निघाले. अभ्यास लहान होता, हे मात्र विसरू नये. योगाची मोठी चाचणी झाली ती हृदयविकाराच्या झटक्यानंतरची, म्हणजे आपल्या विषयाची शेजारीण. देशातल्या 24 केंद्रांत जवळजवळ 4,000 रुग्ण होते. पुढचे झटके आणि मृत्यू यांत ठोस फरक दिसला नाही. तब्येत बरी वाटणं आणि पूर्वीच्या कामांकडे परतणं यांत मात्र दिसला. योगाने आजार पळतो म्हणणाऱ्यांना पहिला निकाल पचत नाही, नाक मुरडणाऱ्यांना दुसरा. मला दोन्ही मान्य आहेत. फिजिओथेरपी पुरेशी नाही का? आधी तीच. रुग्णालयातून दिलेल्या तीन चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढणं, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरणं, चालणं. पण ती बहुधा काही आठवड्यांत संपते; भीती आणि उडालेली झोप मागे राहते. योगाची जागा तिथे आहे.

म्हणून घरी निघताना सर्जनकडून कागदावर लिहून घ्या: किती वजन उचलायचं, कधी वाकायचं, काय अजिबात नाही. तो कागद योगशिक्षकाला दाखवा. न वाचताच चटई पसरायला सांगितली, तर दुसरा शिक्षक शोधा.