घटक ७ : कर्ता कोण? — निवडणूक अधिकाऱ्यांविषयीच्या प्रशासनिक मजकुराचे वाचन

७.१ प्रस्तावना

प्रशासनिक मराठीची सर्वसाधारण वैशिष्ट्ये तुम्हांला आता परिचित आहेत. या घटकात आपण एकाच क्षेत्रातील मजकूर घेऊन तो शब्दाशब्दाने वाचणार आहोत. राज्य स्तरावर निवडणुकीचे काम पाहणारे अधिकारी कोण नेमतो, त्यांना कोण शिकवतो आणि बाहेरच्या संस्थांचा त्यांच्यावर किती व कसा प्रभाव पडतो, हा आपला विषय आहे. तो राज्यशास्त्राचा आहे असे वाटेल. परंतु या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या व आदेशांच्या भाषेत दडलेली असतात, आणि ती भाषा वाचणे हे मराठीच्या विद्यार्थ्याचे काम आहे. तुमच्यापैकी जे शिक्षक, ग्रामसेवक किंवा कार्यालयीन कर्मचारी आहेत, त्यांच्या हाती निवडणूक कर्तव्याचा आदेश कधीतरी पडलाच असेल. आरंभ तेथूनच करू.

अशा आदेशांच्या घडणीवरून सरावासाठी तयार केलेले हे वाक्य पाहा : ‘आपली मतदान केंद्राध्यक्ष म्हणून नियुक्ती करण्यात येत असून, प्रशिक्षणास अनुपस्थित राहिल्यास आपणाविरुद्ध कारवाई करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’

या वाक्यात नियुक्ती होते, कारवाई होते, नोंदही घेतली जाते. पण नियुक्ती करणारा आणि कारवाई करणारा वाक्यात नाही. ‘-ण्यात येणे’ ही रचना कर्त्याला वाक्याबाहेर ठेवते. ती चुकीची आहे असे नव्हे. पद बोलते, व्यक्ती बोलत नाही, हे दाखवण्याची ती प्रशासनाची रीत आहे. मात्र वाचकाने कर्ता स्वतः शोधून काढला पाहिजे. येथे उत्तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २६ मध्ये मिळते : मतदान केंद्राध्यक्ष व मतदान अधिकारी यांना जिल्हा निवडणूक अधिकारी नेमतो. कारवाई कोण करील, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. त्याकडे पुढे वळू.

७.२ नेमणुकीची क्रियापदे

वृत्तपत्र वाचताना तीन पदनामे एकमेकांत मिसळतात : मुख्य निवडणूक आयुक्त, मुख्य निवडणूक अधिकारी आणि राज्य निवडणूक आयुक्त. पहिले पद भारत निवडणूक आयोगाचे, दिल्लीतील. दुसरे त्या आयोगाचे प्रत्येक राज्यातील पद. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुका त्याच्या देखरेखीखाली होतात. तिसरे पद पूर्णपणे वेगळ्या घटनात्मक संस्थेचे आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याराज्यांत राज्य निवडणूक आयोग स्थापन झाले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये. ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंतच्या निवडणुका हा आयोग घेतो. ‘आयुक्त’ आणि ‘अधिकारी’ या एका शब्दाच्या फरकाने संस्था बदलते आणि नेमणारा हातही बदलतो.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्याविषयीचे कलम १९५० च्या अधिनियमात आहे, १३-क. त्याचा आशय असा : आयोग राज्य शासनाशी विचारविनिमय करून शासनाच्या एखाद्या अधिकाऱ्यास पदनिर्देशित किंवा नामनिर्देशित करील. वाक्याचा कर्ता आयोग आहे. राज्य शासन ‘-शी’ या प्रत्ययाने येते, म्हणजे सोबतीला येते, निर्णयाला नव्हे. प्रत्यक्षात राज्य शासन काही नावे सुचवते आणि आयोग त्यांतून एक निवडतो. म्हणून ‘विचारविनिमय करून’, ‘संमतीने’ आणि ‘शिफारशीवरून’ हे तीन प्रयोग समानार्थी समजू नका. पहिल्यात दुसऱ्या पक्षाला नकाराधिकार नाही, दुसऱ्यात आहे, तर तिसऱ्यात पुढाकारच त्याचा आहे. ‘पदनिर्देशित’ आणि ‘नामनिर्देशित’ यांतही भेद आहे. पदनिर्देशनात खुर्चीला काम मिळते. त्या खुर्चीवर उद्या दुसरी व्यक्ती बसली तरी काम खुर्चीकडेच राहते. नामनिर्देशनात व्यक्तीला काम मिळते.

राज्य निवडणूक आयुक्ताची नेमणूक राज्यपाल करतात, असे अनुच्छेद २४३-ट सांगतो. येथे कर्ता स्पष्ट लिहिलेला आहे. तरीही शोध संपत नाही, कारण अशा नेमणुकीत राज्यपाल सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. व्याकरणाचा कर्ता राज्यपाल. व्यवहारातील कर्ता शासन, आणि त्या शासनात बसलेल्या पक्षाला तर पुढची निवडणूक लढवायची असते. घटनाकारांनी ही अडचण नेमणुकीत न सोडवता पदच्युतीत सोडवली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने व ज्या कारणांनी दूर करता येते, त्या रीतीवाचून व त्या कारणांवाचून या आयुक्तास दूर करता येत नाही. नेमणे सोपे ठेवले, काढणे अवघड केले.

ही तटबंदी एका साध्या कार्यालयीन शब्दप्रयोगाने कशी ढासळू शकते, ते गोव्यात दिसले. तेथे राज्य निवडणूक आयुक्तपदाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ राज्याच्या विधी सचिवांकडे देण्यात आला होता. ‘अतिरिक्त कार्यभार’ हा शब्द आपण रोज ऐकतो. तहसीलदार रजेवर गेले की नायब तहसीलदारांकडे कार्यभार येतो. त्यात कोणाला काही खटकत नाही. पण येथे त्या शब्दाचा अर्थ असा झाला की, शासनाचा पगारी सचिव सकाळी शासनाला सल्ला देणार आणि दुपारी त्याच शासनापासून स्वतंत्र असलेल्या पदावर बसणार. पाच नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणावरून वाद न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते आरक्षण रद्द केले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजीच्या निकालात ही नेमणूक म्हणजे घटनेच्या आदेशाची थट्टा आहे, असे मत नोंदवले. केंद्र किंवा राज्य शासनात पद धारण करणाऱ्या कोणाही व्यक्तीस राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही, असेही बजावले. माझ्या मते भाषेच्या विद्यार्थ्याने हा निकाल मुद्दाम लक्षात ठेवावा. ‘अतिरिक्त’ हे विशेषण तेथे केवळ कामाचे प्रमाण सांगत नव्हते. त्या पदाला शासन दुय्यम समजते, हेही ते सांगत होते.

७.३ ‘मानण्यात येईल’

आता कारवाईच्या प्रश्नाकडे येऊ. निवडणूक आयोगाकडे स्वतःचा कर्मचारीवर्ग फार थोडा आहे. मतदानाच्या दिवशी जे हजारो लोक केंद्रांवर बसतात, ते शाळांचे, महसूल खात्याचे, बँकांचे, जिल्हा परिषदेचे असतात. मागणी झाल्यावर कर्मचारी उपलब्ध करून देणे कलम १५९ नुसार संबंधित प्राधिकरणांना बंधनकारक आहे. शिक्षणहक्क अधिनियम, २००९ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली, पण जनगणना व आपत्तिनिवारण यांच्याबरोबर निवडणूकही त्या मनाईतून वगळली.

ही उसनी माणसे कोणाची? १९८८ च्या दुरुस्ती अधिनियमाने उत्तर दिले : अधिसूचनेच्या दिनांकापासून निकाल जाहीर होईपर्यंत ती आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानण्यात येईल आणि आयोगाच्या नियंत्रणाखाली, अधीक्षणाखाली व शिस्तीखाली राहील. ‘मानण्यात येईल’ हे कायद्याचे कल्पित आहे. शिक्षिका त्याच गावात राहते, पगार त्याच खात्यात जमा होतो, वरिष्ठही तेच असतात. पण कायद्याच्या दृष्टीने ती हललेली असते. आता ‘कारवाई करण्यात येईल’ या वाक्याला दोन कर्ते मिळतात. आयोग निलंबित करू शकतो किंवा कामावरून दूर करू शकतो; शिस्तभंगाच्या कारवाईची मात्र तो मूळ खात्याकडे शिफारस करतो.

येथे ‘कडून’ आणि ‘मार्फत’ यांतील फरक पाहा. ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश आला’ यात जिल्हाधिकारी आदेशाचे उगमस्थान वाटतात. ‘जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आदेश आला’ यात ते केवळ वाट आहेत. निवडणुकीच्या काळात जिल्हाधिकारी हा एकच मनुष्य जिल्हा निवडणूक अधिकारीही असतो. म्हणून पत्राच्या शिरोभागी त्याने कोणते पद लिहिले आहे, हे पाहिल्याशिवाय वाक्याचा कर्ता ठरत नाही.

७.४ प्रशिक्षणाची भाषा

आयोगाने २०११ मध्ये नवी दिल्लीत अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. तेथून व राज्य स्तरावरून तयार झालेले प्रशिक्षक जिल्ह्यात येतात आणि शेवटी तहसीलच्या ठिकाणी एखाद्या सभागृहात केंद्राध्यक्षांना शिकवतात. या प्रवासात ज्ञान तीन भाषारूपांतून जाते : इंग्रजी सूचना, मराठी हस्तपुस्तिका आणि प्रशिक्षकाचे तोंडी बोलणे. हस्तपुस्तिकेत ‘अभिरूप मतदान’ असते. सभागृहात सगळे ‘मॉक पोल’ म्हणतात. प्रत्यक्ष मतदानापूर्वी किमान ५० मते देऊन यंत्राची ही चाचणी घेतात व ती मते पुसून टाकतात. पुसण्याच्या बटणावर ‘क्लिअर’ हा इंग्रजी शब्द असतो. ते दाबायचे राहिले तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात. अशा ठिकाणी शुद्ध मराठीचा आग्रह धरणे मला योग्य वाटत नाही. बटणावरचा शब्दच शिकवला पाहिजे.

याउलट ‘प्रदत्त मत’ हा शब्द घ्या. मतदार केंद्रावर येतो आणि त्याच्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेलेला असतो. ओळख पटल्यावर त्याला यंत्रावर नव्हे, तर कागदी मतपत्रिकेवर मत देऊ देतात व ती वेगळी ठेवतात. ‘प्रदत्त’ म्हणजे ‘दिलेले’. मत तर सगळेच देतात! हा पारिभाषिक शब्द घटनेचा कसलाच बोध करून देत नाही आणि रांग थांबलेली असताना केंद्राध्यक्षाला नेमका तोच आठवावा लागतो.

चांगल्या परिभाषेचे उदाहरणही याच क्षेत्रात आहे. कोणता कर्मचारी कोणत्या पथकात व कोणत्या केंद्रावर जाणार, हे संगणकाद्वारे टप्प्याटप्प्याने ठरवतात, जेणेकरून कोणालाही आपल्या सोयीचे केंद्र मिळू नये. महाराष्ट्रातील प्रसिद्धिपत्रकांत या प्रक्रियेला ‘सरमिसळ’ म्हणतात. ‘यादृच्छिकीकरण’ असा शब्द सहज घडवता आला असता. ज्याने ‘सरमिसळ’ वापरला, त्याला मराठी येत होते.

७.५ बाहेरचा हात

कलम २६ ची एक अट अशी आहे की, उमेदवाराने किंवा त्याच्या वतीने कामावर ठेवलेली, अथवा निवडणुकीत त्याच्यासाठी अन्यथा काम करत असलेली व्यक्ती केंद्राध्यक्ष नेमता येत नाही. या वाक्यातील सर्वांत ताकदवान शब्द ‘अन्यथा’ आहे. पगार, पत्र, करार यांपैकी काहीच नसले तरी तो शब्द माणसाला पकडतो.

निःपक्षपातीपणाची कल्पना सर्वत्र हीच नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत निवडणुकीचा प्रमुख अधिकारी ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ हा स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. (केंद्रातील त्याच नावाचे पद परराष्ट्रमंत्र्याचे असल्याने अनुवादक येथे हमखास फसतात.) २००० साली फ्लोरिडात कॅथरीन हॅरिस या पदावर होत्या आणि त्याच वेळी जॉर्ज बुश यांच्या राज्यातील प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या; ५३७ मतांच्या फरकाचा निकाल त्यांनीच प्रमाणित केला. तेथील अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्यांच्या व्यावसायिक संघटनांचाही वाटा असतो. २०२० मध्ये महासाथीच्या काळात ‘सेंटर फॉर टेक अँड सिव्हिक लाइफ’ या खासगी संस्थेने निवडणूक कार्यालयांना पैसे दिले. त्यासाठी मार्क झुकेरबर्ग दांपत्याने सुमारे ३५ कोटी डॉलर पुरवले होते. त्यानंतर २० हून अधिक राज्यांनी अशा खासगी पैशावर बंदी किंवा मर्यादा घातली. मराठीत या रकमेला ‘अनुदान’ म्हणावे की ‘देणगी’? ‘अनुदान’ म्हटले की पैसा सरकारी वाटतो. ‘देणगी’ म्हटले की देणाऱ्याचा चेहरा दिसतो. शब्द निवडतानाच अनुवादक वादात एक बाजू घेऊन बसतो.

आपल्याकडेही बाहेरच्या संस्थांनी अधिकाऱ्याचे काम बदलले आहे, पण न्यायालयाच्या उघड दारातून. ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’च्या प्रकरणात २००२ मध्ये झालेल्या निकालामुळे उमेदवारांना गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागू लागली. उमेदवार रकाने रिकामे सोडू लागले, तेव्हा ‘रिसर्जन्स इंडिया’ ही संस्था न्यायालयात गेली. २०१३ च्या निकालानुसार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने आधी आठवण द्यावी आणि तरीही रकाना रिकामाच राहिला तर नामनिर्देशनपत्र फेटाळावे. ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ हे शब्द लिहिणे म्हणजे विधान करणे होय; ते खोटे ठरू शकते. रिकामा रकाना खोटा ठरू शकत नाही, आणि मतदाराचे नुकसान नेमके तेथे होते.

७.६ स्वाध्याय

१. तुमच्याकडे किंवा परिचितांकडे असलेला निवडणूक कर्तव्याचा एखादा आदेश मिळवा. त्यातील ‘-ण्यात येणे’ या रचनेची सर्व वाक्ये वेगळी काढा आणि प्रत्येकाचा कर्ता लिहून वाक्य कर्तरी प्रयोगात बदला. जेथे दोन कर्ते संभवतात, तेथे दोन्ही वाक्ये लिहा.

२. ‘प्रदत्त मत’ या संज्ञेसाठी पर्यायी शब्द सुचवा. तो शब्द निवडणुकीचे काम केलेल्या एका व्यक्तीला व न केलेल्या एका व्यक्तीला सांगून त्यांना काय अर्थ कळला, त्याची नोंद करा.

३. ‘शासनाच्या शिफारशीवरून आयोगामार्फत अधिकाऱ्याची नेमणूक करण्यात येईल’ आणि ‘आयोग शासनाशी विचारविनिमय करून अधिकाऱ्यास नेमील’ या दोन वाक्यांत अधिकाऱ्याच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने कोणता फरक आहे, ते १५० शब्दांत लिहा.